परदेशी कंपनीच्या स्पॉन्सरशिपवरून पीआरपर्यंत: नाशिकच्या कारागिरांसाठी, नर्सेससाठी आणि अभियंत्यांसाठी

सातपूर-अंबडला सीएनसीवर उभा राहणारा मशिनिस्ट, सिन्नरच्या कारखान्यात मेंटेनन्स सांभाळणारा फिटर, खासगी रुग्णालयात रात्रपाळ्या करणारी स्टाफ नर्स. परदेशाचा विचार मनात आला की यातला प्रत्येक जण आधी विचारतो, "ऑफर कुठून मिळेल?" क्रम इथेच चुकतो. कायमचं राहायचं असेल तर आधी त्या देशाचा पीआरचा, म्हणजे कायम निवासाच्या हक्काचा, नियम वाचायचा, मग त्यात बसणारं पद ठरवायचं आणि ते पद देऊ शकणारी कंपनी सगळ्यात शेवटी शोधायची. तीच कंपनी आणि तोच पगार असूनही व्हिसाचं कलम वेगळं पडलं, तर पीआर दोन वर्षं लांबू शकते. काही व्हिशांवर तर ती मिळतच नाही.

आखाती देशांचं उदाहरण घ्या. तिथे पैसा मिळतो, अनुभवही मिळतो, पण साध्या नोकरीच्या व्हिशावर वर्षं मोजून कायमचा हक्क मिळत नाही. बचत करायला तिकडे जरूर जा, पण तो पीआरचा रस्ता आहे असं समजून जाऊ नका. अमेरिकेत ग्रीन कार्डसाठी कंपनीच अर्ज करते, पण दर देशाला ठरलेल्या सात टक्के मर्यादेमुळे नोकरीवर आधारित मुख्य गटांत भारतात जन्मलेल्यांची रांग दहा वर्षांहून लांब आहे. तिशी ओलांडलेल्या माणसाने त्यावर सगळी भिस्त ठेवू नये.

जर्मनी

नाशिकच्या इंजिनिअरिंग कामगाराला आमच्या मते जर्मनी सर्वांत जवळचा पडतो, म्हणून इथे थोडं जास्त थांबूया. इथे तीन वाटा आहेत आणि त्यांच्यातला फरक पुष्कळांना कुणी सांगतच नाही.

पहिली वाट ब्लू कार्ड या काम-निवास परवान्याची, पदवीधरांसाठी. २०२५ साली त्यासाठी वर्षाला किमान ४८,३०० युरो पगार लागायचा. टंचाईच्या पदांसाठी आणि नुकत्याच पदवी घेतलेल्यांसाठी ४३,७५९.८० युरो पुरायचे. हा आकडा दर जानेवारीत बदलतो, म्हणून अर्ज ज्या वर्षी करणार त्या वर्षीचाच बघा. ब्लू कार्डावर ए-१ पातळीची जर्मन (भाषेच्या पातळ्या ए-१, ए-२, बी-१, बी-२ अशा चढत जातात) असेल तर २७ महिन्यांत आणि बी-१ असेल तर २१ महिन्यांत पीआरला अर्ज करता येतो. पदवी मान्य आहे की नाही ते 'अनाबिन' या सरकारी यादीत पाहायचं. विद्यापीठासमोर 'एच प्लस' (मान्यताप्राप्त) हवं आणि तुमची पदवीही स्वतंत्रपणे नोंदलेली हवी. पदवी सापडली नाही तर झेडएबी या संस्थेकडून तुलना प्रमाणपत्र घ्यावं लागतं, त्याची फी २०८ युरो. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा इथे पदवी धरला जात नाही. मात्र आयटीवाल्यांना पदवीशिवायही, गेल्या सात वर्षांत तीन वर्षांचा योग्य अनुभव असेल तर, ब्लू कार्ड मिळू शकतं.

दुसरी वाट जर्मन निवास कायद्याच्या कलम १८-ए ची. तुमचं व्यवसाय प्रशिक्षण जर्मन प्रशिक्षणाच्या बरोबरीचं आहे असा दाखला आधी मिळवायचा. औद्योगिक ट्रेडसाठी तो न्युर्नबर्गची आयएचके फोसा ही संस्था देते. या व्हिशावर तीन वर्षं, ३६ महिन्यांचे पेन्शन हप्ते आणि बी-१ जर्मन एवढं जमलं की पीआर.

तिसरी वाट अनुभवी कामगारांची, कलम १९-सी ची. दाखल्याची गरज नाही. आपल्या देशात सरकारमान्य, किमान दोन वर्षांचं प्रशिक्षण आणि गेल्या पाच वर्षांत दोन वर्षांचा अनुभव पुरतो. पगाराची अट आहे, २०२५ साली ती ४३,४७० युरो होती. ही वाट लवकर उघडते, म्हणून एजंट हिचीच जाहिरात करतात. पण हिच्यावर पीआरला साधारण नियम लागतो, म्हणजे पाच वर्षं. तेव्हा १९-सी वर गेलात तरी मान्यतेचा, म्हणजे त्या बरोबरीच्या दाखल्याचा, अर्ज तिकडे गेल्यावर पहिल्याच वर्षी टाका. नंतर १८-ए वर जाता येतं.

'किमान दोन वर्षं' या शब्दांवर आयटीआयवाल्यांनी थांबायला हवं. फिटर, टर्नर, मशिनिस्ट, इलेक्ट्रिशियन हे ट्रेड दोन वर्षांचे आहेत. वेल्डर एक वर्षाचा आहे. एक वर्षाच्या वेल्डर प्रमाणपत्रावर कितीही चांगला हात असला तरी १९-सी ची अट पुरी होत नाही. अशा वेळी न्यूझीलंड किंवा ऑस्ट्रेलिया बघणं शहाणपणाचं.

नर्सेसना मान्यता लागतेच, आणि पूर्ण परवान्यासाठी बहुतेक जर्मन राज्यं बी-२ जर्मन मागतात. मान्यतेच्या निकालात प्रशिक्षणातली उणीव दाखवलेली असते. ती भरून काढण्यासाठी तिकडे काही महिने शिकाऊ काम किंवा परीक्षा असते, आणि त्या काळात पगार कमी असतो. हे आधीच गृहीत धरा.

बाकीचे देश थोडक्यात

ऑस्ट्रेलियात ७ डिसेंबर २०२४ पासून जुन्या ४८२ व्हिशाची जागा 'स्किल्स इन डिमांड' व्हिशाने घेतली. क्रमांक ४८२ च राहिला. कोअर स्किल्स यादीत पद हवं, त्या कामाचा किमान एक वर्षाचा अनुभव हवा आणि ठरलेला किमान पगार हवा (जुलै २०२५ मध्ये तो ७६,५१५ ऑस्ट्रेलियन डॉलर केला होता). मान्यताप्राप्त स्पॉन्सरकडे (तुमच्या व्हिशाची जबाबदारी घेणाऱ्या कंपनीकडे) दोन वर्षं काम झालं की कंपनी १८६ क्रमांकाच्या पीआर व्हिशासाठी तुमचं नाव सुचवू शकते. अर्ज करताना वय ४५ च्या आत हवं, इंग्रजीच्या आयईएलटीएस परीक्षेच्या चारही भागांत ६ हवेत. वयाचा हिशेब आजच्या तारखेवर करू नका. आज ४२ असाल तर तयारीचं एक वर्ष आणि तिकडची दोन धरून दार बंद व्हायला आलेलं असतं.

न्यूझीलंडमध्ये तीन टप्पे आहेत: कंपनीला मान्यता, मग त्या जागेची तपासणी, मग तुमचा व्हिसा. 'ग्रीन लिस्ट' या टंचाईच्या पदांच्या यादीतल्या पहिल्या गटाला, उदाहरणार्थ नोंदणीकृत नर्सेसना, थेट निवासाचा अर्ज करता येतो. दुसऱ्या गटाला २४ महिने काम करावं लागतं. ऑगस्ट २०२५ मध्ये या दुसऱ्या गटात फिटर, वेल्डर, मेटल मशिनिस्ट असे ट्रेड घातले गेले. वयोमर्यादा ५५, त्यामुळे चाळिशीतल्या अनुभवी कारागिरासाठी हा देश खास पाहण्यासारखा आहे.

कॅनडाबाबत जुनी माहिती अजून फिरते आहे. २५ मार्च २०२५ पासून एक्स्प्रेस एंट्रीत (गुणांवर पीआर देण्याच्या पद्धतीत) जॉब ऑफरचे जादा गुण बंद झाले. 'एलएमआयए घ्या, ५० गुण वाढतील' (एलएमआयए म्हणजे परदेशी कामगार घ्यायला कंपनीला मिळणारी सरकारी संमती) असं कुणी आज सांगत असेल तर तो माणूस एक तर अडाणी आहे किंवा लबाड. कंपनीच्या आधारावरची खरी वाट आता प्रांतांच्या योजना आणि अटलांटिक इमिग्रेशन प्रोग्राम ही आहे. अटलांटिक योजनेत प्रांताने नेमलेल्या कंपनीची ऑफर, गेल्या पाच वर्षांत १,५६० तासांचा अनुभव आणि प्रांताची शिफारस लागते, एलएमआयए लागत नाही.

ब्रिटनने २२ जुलै २०२५ पासून स्किल्ड वर्कर व्हिसा साधारणपणे पदवीच्या पातळीच्या कामांपुरता ठेवला, पगाराची अट ४१,७०० पौंड केली आणि केअर वर्करची परदेशातून भरती थांबवली. पाच वर्षांची कायम निवासाची मुदत दहावर नेण्याचा प्रस्तावही मे २०२५ मध्ये मांडला गेला. डॉक्टर, नर्सेस, अभियंते यांनी विचार करावा. इतरांनी वेळ घालवू नये.

पदाचा कोड

प्रत्येक देशाची व्यवसायांची क्रमांकवार यादी असते आणि तुमचा अर्ज त्यातल्या एका क्रमांकावर तोलला जातो. नाशिकमध्ये ज्याला सरसकट 'सीएनसी ऑपरेटर' म्हणतात, तो कॅनडाच्या यादीत दोन ठिकाणी बसू शकतो. ड्रॉइंग वाचून सेटिंग करणारा, ऑफसेट देणारा, प्रोग्राम दुरुस्त करणारा आणि मायक्रोमीटरवर तपासणारा म्हणजे ७२१००, कुशल गट. लावलेल्या सेटिंगवर जॉब चढवणारा-उतरवणारा म्हणजे ९४१०६, खालचा गट, एक्स्प्रेस एंट्रीला अपात्र. काम पहिलं करत असाल आणि पत्रावर नुसतं 'ऑपरेटर' असेल तर अधिकारी दुसऱ्याच खान्यात टाकतो.

म्हणून त्या क्रमांकाखाली दिलेली कामांची यादी उघडा, तुम्ही खरोखर करता ती कामं त्यातून निवडा आणि अनुभवाच्या पत्रात स्वतःच्या शब्दांत मांडून घ्या. जशीच्या तशी नक्कल केली तर संशय येतो. न केलेलं काम लिहून घेतलं तर तांत्रिक मुलाखतीत पंधरा मिनिटांत उघडं पडतं. ऑस्ट्रेलियाची टीआरए ही संस्था बऱ्याच ट्रेडना अशी मुलाखत किंवा प्रात्यक्षिक घेते.

अनुभवाचं पत्र आणि कंत्राटदाराची अडचण

आपल्याकडच्या अर्जांची सर्वांत जास्त दमछाक इथे होते. पत्रात एवढं हवं: रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, पद, आठवड्याचे तास, पूर्णवेळ असल्याचा उल्लेख, पगार, पाच ते आठ ओळींत कामं, मशीनचा प्रकार आणि कंट्रोल (फानुक, सीमेन्स वगैरे), सही करणाऱ्याचं नाव, हुद्दा, फोन आणि कंपनीचा ईमेल. 'अमुक काळात आमच्याकडे कामाला होते, वर्तन चांगले होते' अशा दोन ओळींच्या पत्राचा उपयोग नाही.

एमआयडीसीत पुष्कळ जण कंत्राटदाराच्या हजेरीवर असतात. काम मोठ्या कंपनीच्या शेडमध्ये, पीएफ मात्र कंत्राटदाराच्या नावाने. पत्र मोठ्या कंपनीचं आणि पीएफचं पासबुक भलत्याच नावाचं दिसलं की अधिकारी अनुभव खोटा धरतो. यावर उपाय सरळ आहे. कंत्राटदाराकडून नेमणुकीचं पत्र घ्या, त्यात काम कोणत्या कंपनीच्या कोणत्या विभागात होतं ते लिहून घ्या, आणि शक्य असेल तर त्या विभागाच्या सुपरवायझरकडून कंपनीच्या लेटरहेडवर कामाचं वर्णन घ्या. जोडीला पीएफ पासबुक, बँकेत पगार जमा झाल्याच्या नोंदी, असेल तर फॉर्म १६. पगार रोखीने घेतला असेल तर तेवढा काळ सिद्ध करणं फार अवघड जातं. आज नोकरीत असाल तर पगार बँकेत घ्यायला आजच सुरुवात करा.

कंपनी सोडतानाच पत्र घ्या. नंतर एचआर बदलतो, युनिट बंद पडतं, मालक फोन उचलत नाही.

नावं, दाखले, प्रती

दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर दोन वेगळे रकाने. आधारवर तिसराच क्रम. हा क्रमाचा फरक प्रतिज्ञापत्रावर निभावतो, पण स्पेलिंगचा फरक आणि लग्नानंतर बदललेलं नाव निभावत नाही. लग्नानंतर पासपोर्टवर सासरचं नाव आणि नर्सिंगच्या नोंदणीवर माहेरचं असेल तर महाराष्ट्र राजपत्रातली नावबदलाची नोंद आणि विवाह नोंदणी प्रमाणपत्र दोन्ही हाताशी ठेवा. लग्नपत्रिका आणि फोटो पुरावा होत नाहीत. महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत नोंदणी राहिली असेल तर आता करा. जुन्या जन्मदाखल्यावर बाळाच्या नावाचा रकाना कोरा असतो, तोही पाहून घ्या.

ट्रान्सक्रिप्टसाठी (विद्यापीठाच्या सविस्तर गुणनोंदीसाठी) पुणे विद्यापीठाशी संलग्न कॉलेजवाल्यांना पुण्याला अर्ज करावा लागतो. बीएस्सी नर्सिंगवाल्यांचं विद्यापीठ नाशिकमध्येच, म्हसरूळला आहे. जीएनएम झालेल्यांचं परीक्षा मंडळ आणि सगळ्या नर्सेसची परिषद मुंबईत. गुड स्टँडिंगचं, म्हणजे नोंदणी चालू आहे आणि तक्रार नाही असं, प्रमाणपत्र परिषदेकडून घ्यायचं, पण त्याची मुदत छोटी धरली जाते, म्हणून ते शेवटी काढा. पोलीस क्लिअरन्सचंही तसंच. ते पासपोर्ट सेवाच्या संकेतस्थळावरून मागवा, व्हिसाच्या अर्जाच्या तोंडावर. अपॉस्टिल (परदेशात कागद चालावा म्हणून त्यावर घेतलेला सरकारी शिक्का) मात्र सरसकट सगळ्या कागदांवर करून ठेवू नका. कोणता देश, कोणत्या कागदावर, कोणत्या स्वरूपात मागतो ते पाहूनच खर्च करा.

भाषा

गोएथे इन्स्टिट्यूटच्या अंदाजाने शून्यापासून बी-१ पर्यंत ३५० ते ६५० तास लागतात, एक तास ४५ मिनिटांचा. पाळीत काम करणाऱ्याने रोज दीड तास दिला तरी सहा ते अकरा महिने सहज जातात, मधल्या सुट्ट्या धरून वर्ष. तेव्हा 'तीन महिन्यांत बी-१' या जाहिरातीला भुलून पैसे भरू नका. क्लास नाशिकमध्ये मिळतो, परीक्षेसाठी मात्र पुण्याच्या किंवा मुंबईच्या मॅक्स म्युलर भवनची (गोएथेच्या इथल्या केंद्राची) तारीख धरावी लागते आणि जागा पटकन भरतात. ए-२ संपत आलं की कंपन्यांना लिहायला लागा. बी-१ होईपर्यंत थांबलात तर सहा महिने फुकट जातात.

कंपनी शोधणं

जर्मनीसाठी 'मेक इट इन जर्मनी' हे सरकारी संकेतस्थळ आणि तिथल्या रोजगार संस्थेचं जॉब पोर्टल, कॅनडासाठी सरकारी जॉब बँक (परदेशी उमेदवारांसाठीची गाळणी लावून), ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडसाठी सीक हे जॉब पोर्टल. ब्रिटनची स्पॉन्सर कंपन्यांची पूर्ण यादी सरकारी संकेतस्थळावर उघडी आहे. न्यूझीलंडमध्येही कंपनी मान्यताप्राप्त आहे का ते इमिग्रेशनच्या संकेतस्थळावर तपासता येतं.

मोठ्या नावांपेक्षा पन्नास ते तीनशे माणसांच्या कारखान्यांना लिहा. लहान गावातल्या अशा कारखान्यांना माणसं मिळत नाहीत आणि तुमचा अर्ज थेट प्लँट मॅनेजरच्या टेबलावर जातो. नाशिकचा अनुभव इथे उपयोगी पडतो. बॉश, एबीबी, एपिरॉक यांच्यासाठी सुटे भाग करणाऱ्या युनिटमध्ये काम केलं असेल तर कोणता भाग, किती टॉलरन्स, कोणती गुणवत्ता पद्धत हे लिहा. तिकडचा माणूस त्या नावांवरून तुमच्या कामाची पातळी लगेच ओळखतो. सीव्ही दोन पानांचा. वडिलांचं नाव, धर्म, वैवाहिक स्थिती काढून टाका. पहिल्या पाच ओळींत ट्रेड, वर्षं, मशीन, भाषेची पातळी आणि कोणत्या कलमाखाली व्हिसा बसतो ते. ही शेवटची ओळ फार कमी जण लिहितात. छोट्या कंपनीला स्वतःच्या देशाचे व्हिसा नियम माहीत नसतात. तुम्ही ते एका वाक्यात सांगितलेत तर तिची भीती कमी होते. जर्मन कंपनीला जलद प्रक्रियेबद्दलही सांगा. कंपनी तिकडच्या परदेशी नागरिक कार्यालयात ४११ युरो भरते आणि मान्यता-व्हिसा दोन्हींची मुदत आवळली जाते.

मुलाखतीची वेळ दोन्ही देशांच्या घड्याळात लिहून घ्या. न्यूझीलंडची सकाळी दहाची वेळ आपल्याकडे पहाटे साडेतीन किंवा अडीचला येते.

ऑफर हातात आल्यावर

करारात पद, कोड, ठिकाण, आठवड्याचे तास, मूळ पगार, परिवीक्षा काळ आणि नोटीस वाचा. ओव्हरटाइम धरून पगाराची अट गाठली असेल तर व्हिसा नाकारला जाऊ शकतो, मूळ पगारच अटीच्या वर हवा. जर्मनीत सांगितलेला आकडा कर वगैरे कपातीआधीचा असतो आणि एकट्या माणसाच्या हातात साधारण दोन तृतीयांश येतो. 'दोन वर्षांच्या आत सोडल्यास खर्च परत' अशी अट असेल तर कोणता खर्च, किती आणि महिन्यागणिक कमी होतो का, हे लेखी घ्या.

कंपनी खरी आहे का ते तपासायला अर्धा तास पुरतो. जर्मन कंपनीच्या संकेतस्थळावर 'इम्प्रेसुम' हे पान कायद्याने असतं, त्यातला नोंदणी क्रमांक सरकारी नोंदवहीत फुकट तपासता येतो. ऑस्ट्रेलियात एबीएन लुकअप, ब्रिटनमध्ये कंपनीज हाउस. मग तिथला फोन नंबर घेऊन स्वतः फोन करा, ऑफरवरच्या नंबरवर नव्हे.

पैसे कोण भरतो

स्पॉन्सरशिपचे पैसे कंपनी भरते. कॅनडात एलएमआयएची १,००० डॉलर फी कामगाराकडून वसूल करणं बेकायदा आहे. ऑस्ट्रेलियात कंपनीने भरायची प्रशिक्षण पट्टी तुमच्यावर टाकता येत नाही, आणि स्पॉन्सरशिपसाठी पैसे घेणं हाच गुन्हा आहे, देणाऱ्यावरही कारवाई होते. न्यूझीलंडमध्येही नोकरीसाठी पैसे घेता येत नाहीत. तुमच्या वाट्याला भाषेची परीक्षा, भाषांतरं, मान्यतेची फी, व्हिसाची फी (जर्मनीची ७५ युरो) आणि बहुतेक वेळा विमानाचं तिकीट येतं.

भारतात परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्याला १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याखाली परवाना लागतो. तो ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर तपासा. परवानाधारकाला जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी घेता येतो, पावतीसह. विद्यार्थ्यांना परदेशी पाठवणारी कॉलेज रोडवरची कन्सल्टन्सी कितीही चकचकीत असली तरी हा परवाना नसेल तर तिला नोकरी लावून देता येत नाही. 'आधी टुरिस्ट व्हिशावर जा, तिकडे बदलून देऊ' असं म्हणणाऱ्याकडून लगेच उठा. शेत गहाण ठेवून आठ-दहा लाख देणारी कुटुंबं याच वाक्याला फसतात आणि त्यांचं नुकसान भरून येत नाही. पैसे ऑनलाइन गेले असतील तर तत्काळ १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.

अर्ज आणि पुढची वर्षं

व्हिसाच्या कागदांसाठी, बोटांच्या ठशांसाठी मुंबई किंवा पुणे गाठावं लागतं. मुंबईची वेळ दुपारची घ्या, म्हणजे पंचवटी एक्स्प्रेसने जाऊन त्याच दिवशी परतता येतं. मूळ कागद एका फाइलमध्ये, प्रती दुसऱ्या फाइलमध्ये, मागितलेल्या यादीच्याच क्रमाने.

हातातली नोकरी व्हिसाचा शिक्का बसेपर्यंत सोडू नका.

तिकडे पोचल्यावर पीआरचं घड्याळ सुरू होतं आणि ते कशाने थांबतं ते पहिल्या दिवशीच समजून घ्या. जर्मनीत ब्लू कार्डावर पहिल्या बारा महिन्यांत नोकरी बदलायची तर परदेशी नागरिक कार्यालयाला कळवावं लागतं. साधा निवास परवाना सहा महिन्यांहून जास्त देशाबाहेर राहिलं तर संपतो. भावाच्या लग्नाला आणि शेताच्या कामाला मिळून लांबलेली सुट्टी यात अडकू शकते. ऑस्ट्रेलियात नोकरी गेली तर नवा स्पॉन्सर शोधायला सलग १८० दिवस मिळतात. कंपनीअंतर्गत बदलीवर जर्मनीला जाणाऱ्यांचं कार्ड जास्तीत जास्त तीन वर्षांचं असतं, त्यांनी ते संपण्याआधी ब्लू कार्डावर जाण्याची बोलणी करावीत.

दर महिन्याची पगारपत्रिका, पेन्शनचं वार्षिक विवरण, घराचा करार आणि प्रत्येक नोकरीचं पत्र स्कॅन करून तारखेच्या नावाने साठवत जा. पीआरच्या अर्जाला यातलं जवळपास सगळं लागतं, आणि बंद पडलेल्या कंपनीकडून तीन वर्षांपूर्वीची पगारपत्रिका मिळवणं जर्मनीतही सोपं नाही.